आधी हवा, मग पट्ट्या, सूर शेवटी

दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते. संकासुराचा आडदशावतार आटोपला की आख्यान सुरू होते, आणि रंगात आलेला राजा पद कोणत्या पट्टीत उचलेल हे त्या क्षणापर्यंत त्याचे त्यालाही ठाऊक नसते. बाजूला बसलेल्या पेटीवाल्याचे पाय भात्यावर, हात पट्ट्यांवर आणि कान नटाच्या तोंडाकडे असतात. दशावतारात हाताच्या पेटीऐवजी पायपेटी टिकून राहिली ती यासाठीच. भाता मारण्यात हात अडकत नाही, दोन्ही हात वाजवायला मोकळे राहतात. गोव्याच्या पेडणे तालुक्यात कार्तिकापासून दहीकाले सुरू होतात. वालावलकर, मोचेमाडकर यांच्यासारख्या सिंधुदुर्गातल्या कंपन्या हद्द ओलांडून इकडे येतात, आणि पेटी टेंपोच्या हौद्यात सामानाबरोबर रोज नवा गाव पाहते.

डिचोलीकडची पेटी सहसा इतकी फिरत नाही. ती देवळाच्या कोठीत किंवा भजनी मंडळाच्या एखाद्या घरी असते, एकादशीला, श्रावणात, चवथीला बाहेर निघते. नव्या सोमवाराच्या उत्सवाच्या रात्री डिचोलीत गाण्याच्या बैठका पहाटेपर्यंत चालतात, तेव्हा तिच्याकडून नाट्यगीताची साथ अपेक्षित असते. कला अकादमीच्या मनोहरबुवा शिरगावकर स्मृती भजनी स्पर्धेची तारीख जवळ आली की तालमी वाढतात, आणि कधीपासून अडणारी ती एक काळी पट्टी अचानक सगळ्यांना खुपू लागते.

मग घाईघाईने पेटी उघडली जाते. नुकसान बहुतेक वेळा इथेच होते.

जुन्या पेटीच्या दुरुस्तीत काय करायचे यापेक्षा कोणत्या क्रमाने आणि कोणत्या महिन्यात करायचे याला जास्त महत्त्व आहे. क्रम असा, की आधी हवा, मग पट्ट्या आणि सूर सगळ्यात शेवटी. घडते ते नेमके उलटे. पेटी बेसूर लागली की पहिला हात कानशीकडे जातो आणि पितळी सुराच्या जिभेवर चालतो. भात्याला लावलेले कातडे काढून पुन्हा लावता येते, स्प्रिंग बदलता येते, पट्टी घासली तर तिला पातळ चकती चिकटवता येते. जिभेवरून घासून काढलेले पितळ मात्र परत येत नाही. घरात जुन्या पॅरिस किंवा जर्मन सुरांची पेटी असेल तर तसा सूर आज नवा मिळणेही अवघड. भात्यातून हवा गळत असताना सुरावर दाब कमी पडतो, सूर उशिरा बोलतो, कधी दबलेला लागतो. गळती बंद झाली की ज्याला बेसूर म्हणत होते त्यातले बरेचसे आपोआप जाग्यावर येते.

महिन्याचा मुद्दा गोव्यात विशेष आहे. वर्षाला सुमारे ३००० मिलीमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात लाकूड जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाणी पीत असते. पट्ट्या फुगतात, एकमेकींना घासतात, दाबल्या तर वर येत नाहीत. नेमक्या याच दिवसांत श्रावण आणि चवथ येते, म्हणून पेटी सगळ्यात जास्त वाजते आणि सगळ्यात जास्त कुरकुरते. ऑगस्टमध्ये फुगलेली पट्टी कोणी घासून सैल केली तर तीच पट्टी जानेवारीत आकसून डावी-उजवीकडे डुलते आणि वाजवताना खडखडते. म्हणून पावसात फक्त प्रथमोपचार करावा. लाकडाला कानस किंवा पॉलिश पेपर लावायचा तो डिसेंबर ते फेब्रुवारीत, हवा कोरडी असताना. भजनी मंडळांना हे दिवस सोयीचे आहेत. दशावतारी कंपन्यांची पंचाईत अशी, की लाकडाच्या कामाला योग्य दिवस आणि नाटकांचा हंगाम एकच. त्यांनी कातड्याचे आणि भात्याचे काम वैशाखात हंगाम संपल्यावर उरकावे, आणि पट्ट्यांचे काम डिसेंबरात, दोन नाटकांच्या मधल्या एखाद्या मोकळ्या दिवशी, फक्त अडणाऱ्या पट्ट्यांपुरते करावे.

पावसातला प्रथमोपचार म्हणजे पेटी कोरडी करणे. ती उन्हात ठेवू नये, चुलीजवळ तर मुळीच नाही. लाकूड एका बाजूने तापले की फाटते, आणि जुना सरस सुटतो. हवेशीर खोलीत झाकण उघडून, अंगावर थेट वारा येणार नाही असा पंखा लावून दोन-तीन दिवस ठेवावी. त्यानंतर सिलिका जेलच्या कापडी पुरचुंड्या आत ठेवून झाकण बंद करावे. रंग बदलणारे दाणे मिळतात. ते ओले झाल्याचे कळते आणि मंद आचेवर सुकवून पुन्हा वापरता येतात. एवढ्याने निम्म्या अडलेल्या पट्ट्या सुटतात.

आता पेटी उघडण्याआधीची तपासणी. हातात आलेले वाद्य पेटी आहे की ऑर्गन हे आधी ओळखावे, कारण जुन्या घरांतून आणि नाटक कंपन्यांकडून आलेली पायाची वाद्ये दोन्ही प्रकारची असतात आणि बाहेरून सारखी दिसतात. १८४० च्या दशकात पॅरिसच्या अलेक्सांद्र दब्याँने पेटंट घेतलेल्या हार्मोनियमच्या घराण्यातली पेटी हवा सुरांतून बाहेर ढकलते. अमेरिकन घडणीचा ऑर्गन हवा सुरांतून आत ओढतो. पेटवलेली उदबत्ती पट्ट्यांच्या मागच्या बाजूला, हवेच्या वाटेजवळ धरून भाता मारावा. धूर उडून दूर गेला तर पेटी, आत खेचला गेला तर ऑर्गन. फरक नुसता नावाचा नाही. ऑर्गन खोलीतली धूळ थेट सुरांवर ओढतो, म्हणून त्याचे सूर अधिक वेळा झाडावे लागतात. भात्यातल्या झडपांची तोंडेही दोघांत उलटी असतात, त्यामुळे एकाचे चित्र पाहून दुसऱ्याची झडप बसवली तर भाता भरणारच नाही.

मग गळतीची परीक्षा. सगळे स्टॉप बंद करून भाता पूर्ण भरावा, पाय काढून घ्यावेत, आणि मोठा भाता किती सेकंदांत खाली बसतो ते घड्याळावर मोजून लिहून ठेवावे. दुसऱ्या वेळी एक स्टॉप उघडून, एकही पट्टी न दाबता मोजावे. पहिल्या मोजणीत भाता झपाट्याने बसला तर दोष भात्यात किंवा त्याच्या झडपांत आहे. पहिली मोजणी चांगली आणि दुसरी वाईट असेल तर हवा पट्ट्यांखालच्या कातड्यांतून जाते आहे. दुरुस्तीनंतर याच दोन आकड्यांशी ताडून पाहता येते. नुसते ‘आता बरी वाटते’ म्हणण्यापेक्षा हे बरे.

भात्याची गळती शोधायला पुन्हा उदबत्तीच. भाता भरलेला असताना प्रत्येक घडीच्या कडेने, विशेषतः कोपऱ्यांतून, धूर हळूहळू फिरवावा. धूर जिथे अचानक वाकतो तिथे पेन्सिलीने खूण करावी. जुना भाता सपाट भागात क्वचित फाटतो. तो फाटतो घड्यांच्या कोपऱ्यांत, जिथे कातडे रोज दोन दिशांना वाकते. देवळाच्या कोठीतल्या पेटीत दुसरा संशयित उंदीर. कातडे आणि बनात त्याला आवडते, आणि प्रसादाचे कण पेटीवर सांडलेले असतील तर निमंत्रणच. कोठीतल्या पेटीवर नैवेद्याचे ताट ठेवण्याची पद्धत मोडलेली बरी.

ठिगळाला मऊ, पातळ कमावलेले मेंढीचे कातडे घ्यावे. जाड कातडे टिकाऊ वाटते, पण भात्याची घडी मिटू देत नाही आणि शेजारी नवी फट पाडते. जुने सैल कातडे पूर्ण सोलून, खालचा सरस ओल्या कोमट फडक्याने मऊ करून खरवडून काढावा. चिकटवायला सरस की फेव्हिकॉल यावर कारागिरांत दोन मते आहेत. लाकडी फळीवर कातडे लावताना सरस उत्तम, कारण तो कोमट पाण्याने सुटतो आणि पुढच्या पिढीच्या कारागिराला काम करू देतो. सरस थेट आचेवर उकळू नये. गरम पाण्यात ठेवलेल्या डब्यात तो विरघळवावा, कारण उकळला की त्याची पकड जाते. दमट हवेत सरसाला बुरशी धरते हेही खरे, आणि म्हणून ज्या पेटीला पावसाळाभर घराबाहेर राहायचे आहे तिच्या बाहेरच्या घड्यांना लवचिक राहणारा चिकटा वापरला तर दोष देता येणार नाही. सुराच्या पितळी पट्टीजवळ मात्र कोणताही चिकटा जाऊ देऊ नये.

पायपेटीचे दुखणे पुष्कळदा पायातच असते. पायफळीखालचा छोटा भाता हवा ओढतो आणि मोठ्या भात्यात भरतो. या वाटेवर कातड्याच्या दोन एकमार्गी झडपा असतात. कातडे वाळून कडेला गुंडाळले की झडप पूर्ण मिटत नाही आणि ‘पाय रिकामा जातो’. पायफळी दाबली की विरोध न होता खाली जाते, आणि वाजवणारा दुप्पट वेगाने पाय मारू लागतो. झडपेचे कातडे उलटून लावणे हा तात्पुरता इलाज आहे. बदलणेच योग्य. नवे कातडे खिळ्यांनी ताणून बसवू नये, एका कडेला धरून बाकी सैल सोडावे, म्हणजे हवेच्या झुळकीने उघडेल आणि स्वतःच्या वजनाने मिटेल. पायफळ्यांना जोडणारे पट्टे दोन्ही बाजूंचे एकाच वेळी बदलावेत. एक नवा आणि एक ताणलेला असला की उजवा पाय डाव्यापेक्षा खोल जातो, आणि तीन तासांच्या नाटकात ते वाजवणाऱ्याच्या कमरेला कळते.

कुरकुर थांबवायला तेलाची बाटली उचलण्याआधी थोडे थांबावे. लोखंडी बिजागरीला शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरतो, तोही काडीच्या टोकाने. लाकूड लाकडावर घासत असेल तिथे मेणबत्ती किंवा सुका साबण घासावा. तेल लाकडात मुरते, धूळ धरून ठेवते, आणि कातड्यापर्यंत पोहोचले की सरस सोडवते. खोबरेल तर अजिबात नको. ते काही महिन्यांत चिकट होते.

हवा जागेवर आली की पट्ट्यांकडे वळावे. झाकण काढल्यावर सगळ्यात आधी फोनवर वरून, समोरून आणि बाजूने फोटो काढावेत. मग प्रत्येक पट्टीच्या मागच्या टोकावर पेन्सिलीने क्रमांक घालावा. साडेतीन सप्तकांच्या पेटीत ४२ पट्ट्या असतात. दिसायला त्यांतल्या कित्येक अगदी सारख्या असतात, पण प्रत्येक पट्टी आपल्या जागेला बेतून कापलेली आणि घासलेली असते. दोन पांढऱ्या पट्ट्यांची अदलाबदल झाली की दोन्ही अडतात, आणि कारण शोधण्यात सबंध दुपार जाते. स्क्रू ज्या भोकातून निघाले त्याच क्रमाने पुठ्ठ्यात खोचून ठेवावेत.

पट्टीची रचना साधी आहे. मध्याजवळ टेकू, पुढे बोट, मागे झडप. पुढून दाबले की मागचे टोक उचलले जाते, खालचे भोक उघडते, आणि हवा सुराकडे जाते. बोट उचलले की स्प्रिंग मागचे टोक पुन्हा दाबून धरते. एखादा सूर न दाबता वाजत राहिला तर कारण पुढच्या चारांपैकी एक असते. स्प्रिंग दमली, पट्टी शेजारणीला घासली, टेकूच्या खिळ्याचे भोक फुगून घट्ट झाले, किंवा झडपेखाली कचरा आला. पेन्सिलीचे टोक, तांदळाचा दाणा, उदबत्तीची काडी, एखादे मेलेले झुरळ, असे काहीही तिथे निघते. म्हणून वाजत्या सुराची पट्टी आधी हळूच उचलून, झडपेखालून पातळ कागदाची पट्टी फिरवून पाहावी. पुष्कळदा पेटी उघडायचीही गरज पडत नाही.

दोन पट्ट्यांमधल्या फटीसाठी जुन्या लग्नपत्रिकेची एक पट्टी कापून घ्यावी. ती प्रत्येक फटीतून सहज गेली पाहिजे. जिथे अडते तिथे आधी लाकूड कोरडे असल्याची खात्री करावी, मग घासलेल्या जागेची चकाकी शोधावी. घासणारी जागा नेहमी चकाकते. तेवढ्याच जागेवर बारीक पॉलिश पेपरचे दोन-तीन हात पुरतात. खिळ्याचे भोक घट्ट असेल तर ते मोठे करू नये. भोकाच्या आतल्या कडा चिमट्याच्या टोकाने किंचित दाबाव्यात, म्हणजे लाकूड कापले न जाता बसते.

स्प्रिंगांचा ताण सारखा आहे का, हे बोटाला कळते असे प्रत्येक वादक म्हणतो, आणि प्रत्येकाच्या बोटाला वेगळे कळते. त्यापेक्षा एकाच छापाची काही नाणी घ्यावीत. पट्टीच्या पुढच्या टोकावर एकेक नाणे ठेवत जावे आणि कितव्या नाण्याला पट्टी खाली गेली ते त्या क्रमांकापुढे लिहावे. पांढऱ्या पट्ट्यांचा आकडा आपसात सारखा आला पाहिजे. काळ्या पट्ट्यांचा वेगळा येईल, कारण त्यांची दांडी आखूड असते. पण काळ्यांचाही आपसात मेळ हवा. एखादी पट्टी दोन नाणी कमी घेत असेल तर तिची स्प्रिंग बदलावी. ताणून किंवा वाकवून घेतलेली जुनी स्प्रिंग काही दिवसांत पुन्हा दमते. समुद्राजवळच्या केरी, हरमल, मोरजी पट्ट्यात लोखंडी स्प्रिंगांवर गंज लवकर येतो. तिथे नव्या स्प्रिंगा स्टेनलेस तारेच्या करून घेतल्या तर पैसे वसूल होतात.

झडपेखालचे कातडे वर्षानुवर्षे एकाच भोकावर बसून त्या भोकाचा ठसा घेते. ठसा पुसट आणि कातडे मऊ असेल तर ब्रशने खडबडीत करून चालते. ठसा खोल आणि कातडे कडक झाले असेल तर सगळ्याच झडपांचे कातडे एकदम बदलावे. निवडक बदलले तर नव्या-जुन्या जाडीमुळे पट्ट्यांची पातळी बिघडते. नवे कातडे लावताना मखमली बाजू भोकाकडे. चिकटवून झाल्यावर पट्ट्या बसवाव्यात आणि समोरून लाकडी फूटपट्टी आडवी धरून पाहावे. वर आलेल्या किंवा खाली गेलेल्या पट्टीखालच्या बनातीत पातळ कागदाची चकती घालून पातळी साधते. हे काम कंटाळवाणे आहे. पण द्रुत लयीच्या अभंगात बोटे अडखळतात ती बहुधा याच एका मिलिमीटरमुळे.

स्टॉपच्या दांड्या आणि त्यांच्यामागच्या फळ्या याच वेळी पाहून घ्याव्यात. फळीवरची बनात झिजली की स्टॉप बंद करूनही सूर हळू आवाजात गुणगुणत राहतो. एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातली तीच पट्टी दाबणारा कपलर असेल आणि बिघडलेला असेल, तर हौशी माणसाने तो उघडण्यापेक्षा बंद ठेवून पेटी वाजवावी. त्याच्या तारा एकदा वाकल्या की सगळ्या पट्ट्यांचा ताण बिघडवतात.

आता सूर. तेही लगेच कानशीने नव्हे.

सुराची जीभ म्हणजे पितळेची पातळ पट्टी, एका टोकाला रिवेटने बसवलेली, दुसरे टोक मोकळे. खालच्या पितळी पट्टीतल्या फटीतून ती वर-खाली कंप पावते. घरघर येत असेल तर आधी त्या सुराचे स्क्रू घट्ट करावेत. सैल बसलेला सूर फाटक्या आवाजात बोलतो. स्क्रूचे भोक झिजले असेल तर सागाची बारीक काडी सरसात बुडवून भोकात घालावी, वाळली की स्क्रू पुन्हा बसवावा. त्यानेही घरघर गेली नाही तर जिभेखालून पातळ कागद सरकवून कचरा काढावा.

स्वच्छतेचे दोन वेगळे प्रश्न या दोन तालुक्यांत दिसतात. पेडण्याच्या किनाऱ्याकडे खारी हवा पितळ कळकवते आणि जिभेवर हिरवट थर येतो. डिचोली तालुक्यात खनिजाच्या वाटेवरच्या गावांत लाल धूळ बारीकसारीक फटीतून आत शिरते. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये खाणी थांबल्या होत्या, पण आधीच्या काळातली धूळ अजून जुन्या पेट्यांत आहे. जिभेच्या मोकळ्या टोकावर धूळ बसली की टोक जड होते आणि सूर उतरतो. अशा सुराला कानस लावून वर चढवले, आणि पुढे कधी धूळ झडली, की तो जास्तच चढलेला निघतो. म्हणून आधी कोरडा मऊ ब्रश, जिभेच्या मुळाकडून टोकाकडे. उलट दिशेने फिरवला तर जीभ उचलली जाऊ शकते. बोटाने स्पर्श करू नये, घामाचा ठसा पितळावर राहतो आणि पावसात तिथेच कळंक धरतो.

गोव्यात समई आणि तांब्या-पितळेची भांडी चिंचेने किंवा बिमलांनी लख्ख करतात. ही सवय सुरांवर चालवू नये. आंबट रस पितळाचा वरचा थर खातो, जीभ असमान पातळ होते, आणि रिवेटच्या खाली शिरलेला ओलावा बाहेर येत नाही. लख्ख सूर दिसायला छान, ऐकायला मात्र नाही. काळपट पितळ चांगले वाजते. फक्त हिरवा चूर्णासारखा थर असेल तेवढाच फायबरच्या बारीक ब्रशने काढावा.

एवढे सगळे करून पेटी आठवडाभर वाजवावी. मग जे सूर अजूनही चुकतात त्यांनाच हात लावायचा. नियम साधा आहे. टोकाकडचे धातू काढले तर सूर चढतो, मुळाकडचे काढले तर उतरतो. जिभेखाली पातळ पोलादी पत्रा सरकवून, तिला आधार देऊन, कानशीचे दोनच हलके हात मारावेत, सूर जागेवर बसवावा, झाकण लावावे आणि नेहमीच्या भात्यावर वाजवून पाहावे. उघड्या पेटीतला आणि बंद पेटीतला सूर सारखा नसतो, आणि हाताच्या उबेने तापलेला सूर थंड होईपर्यंत खरे बोलत नाही. फोनवरचा ट्यूनर चालतो, पण अंतिम निर्णय कानाने ठोके ऐकून करावा. ४४० आणि ४४२ कंपनांचे दोन सूर एकत्र वाजले तर सेकंदाला दोन ठोके ऐकू येतात. खर्ज आणि नर या दोन ओळींतला एकच सूर जोडीने वाजवून ठोके थांबेपर्यंत कमी करत नेणे, हे जुन्या कारागिरांचे ट्यूनर होते आणि आजही सगळ्यात भरवशाचे आहे.

एका लक्षणाकडे कधीच दुर्लक्ष करू नये. एखादा सूर लावला, महिन्याने उतरला, पुन्हा लावला, पुन्हा उतरला, तर त्या जिभेच्या मुळाशी बारीक तडा आहे. धातू थकलेला असतो. कितीही लावला तरी तो एके दिवशी नाटकाच्या मध्यावर तुटणार. असा सूर बदलावा. नवे सूर गुजरातमधल्या पालिताण्याचे येतात, हार्मोनियमच्या सुरांसाठी ते गाव ओळखले जाते. मागवताना जुना सूर नमुन्यासाठी सोबत पाठवावा, म्हणजे लांबी-रुंदी जुळते.

गांधार टोचतो अशी तक्रार पुष्कळ भजनी मंडळे करतात, आणि त्यासाठी जुन्या पेटीचे सगळे गांधार खाली घासून घेतल्याची उदाहरणे आहेत. तसे करू नये. पेटी समान अंतरांच्या बारा सुरांत लावलेली असते, त्यामुळे तिचा शुद्ध गांधार तानपुऱ्यातून निघणाऱ्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. काळी एकचा गांधार उतरवला तर तोच सूर काळी दोनला रिषभापाशी आणि पांढरी चारला षड्जापाशी चुकतो. श्रुतींचा हा प्रश्न जुना आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायाधीश ई. क्लेमेंट्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यासाठी खास श्रुतिपेटीची खटपट केली, आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दारच बंद ठेवले. तो वाद घरच्या कानशीने सुटणारा नाही. ज्या मंडळाचे गायक कायम एकाच पट्टीत गातात त्यांनी वेगळी पेटी त्या पट्टीला लावून घ्यावी, आणि जुनी तशीच राहू द्यावी.

उलटही घडते. पहाटे दव पडले की तबला-पखवाजाचे चामडे ओलसर होऊन उतरते, आणि बेसूर मात्र पेटी ठरते. पितळी सुरावर थंडीचा परिणाम चामड्याच्या तुलनेत नगण्य असतो. अशा वेळी पेटीवाल्याने पेटी उघडण्यापेक्षा पखवाजवाल्याला हातोडी द्यावी.

प्रवासासाठी काही गोष्टी ठरवून टाकाव्यात. टेंपोत चढवण्यापूर्वी भाता रिकामा करून सगळे स्टॉप बंद करावेत, पायफळ्या पट्ट्याने बांधाव्यात, आणि पट्ट्यांवर बनातीची जाड घडी ठेवून झाकण लावावे, म्हणजे खड्ड्यांतून पट्ट्या उडत नाहीत. पेटी आडवी किंवा उलटी कधीच ठेवू नये. उघड्यावरच्या नाटकात दोन प्रवेशांच्या मध्ये पेटीवर सुती चादर टाकावी. प्लास्टिक टाकले तर आतला दमटपणा आतच राहतो. नाटक संपल्यावर लगेच झाकण बंद न करता दहा-पंधरा मिनिटे उघडी ठेवून मगच बंद करावी.

देवळात किंवा घरी ठेवताना जमिनीपासून वितभर उंच फळीवर, भिंतीपासून थोडी दूर ठेवावी, कारण जांभ्याच्या भिंतीतला ओलावा आणि वाळवी दोन्ही भिंतीकडूनच येतात. कापूर किंवा डांबरगोळ्या कापडात बांधून पेटीच्या बाहेरच्या खोक्यात ठेवाव्यात, सुरांच्या कप्प्यात नव्हे. न वाजणारी पेटी लवकर बिघडते, म्हणून पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा सगळ्या पट्ट्या आणि सगळे स्टॉप वापरून पंधरा मिनिटे वाजवावी. कातडे हलते राहते आणि झडपा चिकटून बसत नाहीत.

जुन्या पेट्या उघडल्या की झाकणाच्या आतल्या बाजूला कधीकधी पेन्सिलीने लिहिलेली तारीख आणि कारागिराचे नाव सापडते. ते पुसू नये. त्याखाली या वेळचे काम लिहावे: कोणत्या पट्टीची स्प्रिंग बदलली, कोणता सूर कितीदा लावला, भाता किती सेकंद टिकला, कोणता चिकटा वापरला. काढलेले सूर, जुने स्क्रू आणि स्प्रिंगा एका पाकिटात घालून पेटीच्या तळाशी, भात्यापासून दूर, चिकटवून ठेवाव्यात. पॅरिसचा एखादा तुटका सूरही टाकू नये. नवा घडवून घेताना मापासाठी तोच उपयोगी पडतो.